कागदावर इतिहास, वर्गात भूगोल: पुढे नेमकं काय शिकू?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत माध्यमिकला आहे. चौदा वर्षं झाली. बी.ए. इतिहास, बी.एड.ला इतिहास आणि भूगोल या अध्यापन पद्धती. रुजू झाले त्याच वर्षी भूगोलाचे सर निवृत्त झाले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत भूगोल सांभाळा." ती दिवाळी अजून यायची आहे.

तक्रार नाही, विषयात जीव रमला. पण मागच्या वर्षी नववीच्या पोरांना शाळेमागच्या टेकडीवर नेलं होतं. हातात १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा, घड्यांवर फाटत आलेला. एका मुलीने नकाशातल्या ओढ्यावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हा इकडून तिकडे वाहतो की तिकडून इकडे? बाण तर नाहीये." ओढा समोर दिसत होता म्हणून वेळ निभावली. नुसत्या नकाशावरून कसं ओळखायचं, ते मला सांगता आलं नाही. रात्री पुस्तकं काढून बसले. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा, ओढा ओलांडताना व्ही अक्षरासारखी वळते आणि तिचं टोक उगमाकडे असतं. सातवीतच समोच्च रेषा येतात हो, आणि मी इतकी वर्षं त्या फळ्यावर काढत होते!

आतापर्यंतची प्रशिक्षणं म्हणाल तर बारा वर्षांनंतरचं वरिष्ठ वेतनश्रेणीचं झालं, सेवापुस्तकात नोंदही झाली. दीक्षा या सरकारी पोर्टलवर निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स केले. मूल्यमापन, समावेशन, शाळा नेतृत्व, सगळं होतं. एकदाही नकाशा उघडावा लागला नाही.

आता मुद्दा. आमच्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातले भूगोलाचे सर दोन वर्षांनी निवृत्त होतायत. ती जागा मिळो न मिळो, मला भूगोलाची शिक्षिका म्हणून कागदावरही उभं राहायचंय. एम.ए. भूगोल करू का? सेट ही राज्याची पात्रता परीक्षा देऊ का? की जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे हाताळण्याचा, एखादा कोर्स? इंग्लंडमध्ये भूगोल शिक्षकांना 'चार्टर्ड' अशी पदवी देतात असंही वाचलं, तसं आपल्याकडे काही आहे का? वय ३९, घरी सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. पुण्या-मुंबईला राहून शिकणं शक्य नाही.

कोरडवाहू

मॅडम, मी निवृत्त मुख्याध्यापक. आधी कागद, मग पुस्तक.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेकडे लेखी परवानगी मागा. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, परवानगीच्या पत्रावर जावक क्रमांक बघा. "करा हो, कोण अडवतंय" या तोंडी परवानगीवर शिकलेली माणसं मी नंतर हेलपाटे घालताना पाहिली आहेत. पदवी हातात, पण सेवापुस्तकात नोंद करायला लिपिक तयार नाही.

दुसरं, निवडश्रेणी, म्हणजे वरिष्ठनंतरची वेतनश्रेणी. चोवीस वर्षांनी ती मिळते ती वीस टक्के पदांच्या मर्यादेत, आणि पदवीधर शिक्षकाला वाढीव शैक्षणिक अर्हता लागते. तेव्हा एम.ए. कनिष्ठच्या जागेसाठी नाही लागलं तरी इथे लागेल.

तिसरं, आठवीला शिकवत असाल तर संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर पदांच्या यादीत, तुमचं पद कोणत्या गटात दाखवलंय ते बघून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे, त्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. त्या गटात असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते.

टेकडीपलीकडे

ताई, मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. तुमचा तो ओढ्याचा प्रसंग वाचून बरं वाटलं. इतकं खरं कोणी लिहीत नाही.

सेट आणि कनिष्ठ महाविद्यालय यांची गल्लत करू नका. कनिष्ठला विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. बघतात. सेट-नेट लागते ती वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकीला गुण कापत नाहीत. एम.ए.चा अभ्यास ताजा असतानाच देऊन टाका, पण नंतर.

खरी अडचण वेगळी आहे. बी.ए.ला भूगोल नसताना एम.ए. भूगोलला प्रवेश मिळेल का, याचा नियम विद्यापीठागणिक वेगळा. काही ठिकाणी पदवीला भूगोल हवाच, कारण प्रात्यक्षिकं. अभ्यासकेंद्रातला माणूस फोनवर "होऊन जाईल" म्हणेल, त्यावर जाऊ नका. त्या वर्षीचं माहितीपत्रक काढा आणि पात्रतेचा परिच्छेद स्वतः वाचा. दूरशिक्षणाने करणार असाल तर त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता त्या सत्रासाठी आहे का, तेही बघा.

प्रवेश मिळाला तरी प्रात्यक्षिकं रडवतील. प्रक्षेपणं (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवणं), उठावाचे छेद, सांख्यिकी. बारावीलाच २० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि ती तुम्हालाच घ्यायची आहे! पेन्सिल टोकदार ठेवायची सवय आत्तापासून लावा. मस्करी नाही, माझे निम्मे विद्यार्थी बोथट पेन्सिलीने समोच्च रेषा काढतात आणि दोन रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा तयार होतो.

बारामाही

कशाला जीव काढताय? मार्च २०२० मध्ये दहावीचा राहिलेला एकच पेपर कोरोनामुळे रद्द झाला, तो भूगोलाचा. बाकी विषयांच्या सरासरीने गुण दिले. कुणाचं काही अडलं का?

टेकडीपलीकडे

@बारामाही, अडलं ना. त्या वर्षी दहावीच्या भूगोलातली भारत-ब्राझीलची तुलना घोकलेली पोरं मला अजून भेटतात आणि विचारतात, "मॅम, ॲमेझॉन वाया गेली का?"

उपग्रही

जीआयएसबद्दल. पैसे भरून कोणताही क्लास लावू नका, निदान सुरुवातीला नाही. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, म्हणजे इस्रोचीच, ऑनलाइन कोर्स चालवते. बरेच मोफत असतात. सुदूर संवेदन (उपग्रहावरून जमिनीची माहिती घेणं), जीआयएस, जीपीएस असे विषय, काही आठवड्यांचे. उपस्थिती आणि शेवटची चाचणी जमली की प्रमाणपत्र मिळतं. संस्था १९६६ ची आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांपुढे ठेवायलाही वजनदार कागद.

सोबत क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, तेही फुकट. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ उघडा आणि तुमच्या टेकडीचं उपग्रह चित्र शोधा. मग त्या फाटक्या नकाशाचा स्कॅन क्यूजीआयएसमध्ये चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन बसवा. पहिल्यांदा नकाशा कुठेतरी अरबी समुद्रात जाऊन पडेल. सगळ्यांचा पडतो. बहुधा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली असते.

एक मात्र स्पष्ट सांगतो, या प्रमाणपत्राने वेतनश्रेणी हलत नाही. वर्ग हलतो.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो, मूळ सांगलीचा. तुम्ही वाचलंय ते चार्टर्ड जिऑग्राफर. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी, म्हणजे १८३० ची ती जुनी संस्था, ते देते आणि त्यात शिक्षकांसाठी वेगळा शिक्काही आहे. पण गैरसमज नको. इथे शिकवायला लागतो तो शिक्षकाचा दर्जा वेगळा, हे त्यावरचं. त्याने पगार आपोआप वाढत नाही.

मला त्यातली एक गोष्ट आवडते. ते एकदा मिळालं की संपत नाही, विषयात नवं काय शिकलात याची नोंद चालू ठेवावी लागते. क्षेत्रभेट कुठे नेली, काय फसलं, पुढच्या वेळी काय बदललं. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं आहेच. त्यातले किती तास तुमच्या विषयाचे, हे कोणी विचारत नाही. तुम्ही स्वतःच वही घाला ना. तो ओढ्याचा प्रसंग म्हणजे तुमची पहिली नोंद. आमच्या विभागप्रमुख बाई असल्या फसलेल्या तासांच्या नोंदी सगळ्यात आधी वाचतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय, कारण कोरडवाहू सरांचं ऐकून आधी अर्ज दिला. लिपिक म्हणाले, "मॅडम, एवढ्याशाला आवक क्रमांक कशाला?" मी टेबलापासून हलले नाही. मिळाला. संचमान्यताही बघितली, माझं पद नववी-दहावीच्या गटात आहे.

दोन विद्यापीठांची माहितीपत्रकं काढली. एकात पदवीला भूगोल हवाच असं स्वच्छ लिहिलंय. दुसऱ्यात कोणतीही पदवी चालते पण प्रवेश परीक्षा आहे, आणि प्रात्यक्षिकांना सुट्टीत केंद्रावर जावं लागेल. दुसऱ्याचा फॉर्म भरतेय. सासूबाई म्हणाल्या, "मे महिन्यात जा खुशाल, आंब्याचं मी बघते."

क्यूजीआयएसमध्ये नकाशा बसवला. @उपग्रही, अरबी समुद्रात नाही, आर्क्टिकमध्ये पडला! कारण मात्र तेच. आता ओढा जागेवर आला आहे आणि व्हीचं टोक बरोबर उगमाकडे आहे.

एकच मागणं. कुणाकडे बी.ए.ची भूगोल प्रात्यक्षिकाची जुनी वही पडून असेल तर सांगा, टपालखर्च मी देते. प्रक्षेपणांपासूनच सुरुवात करायची आहे.