मातीच्या देवळाला सिमेंटचा गिलावा करावा का? न्यू मेक्सिकोत काय झालं?

बार्शी_वेस (प्रश्न):
गावातलं मारुतीचं देऊळ पांढऱ्या मातीचं आहे. भिंती अडीच फूट रुंद, वर माळवद. बुडाचा हात-दीड हात भाग दर पावसाळ्यानंतर झडतो. पंचांचं म्हणणं, जाळी मारून सिमेंटचा गिलावा करून टाकू. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात मातीची जुनी चर्च गावकरीच लिंपतात, असं कळलं. तिथं सिमेंट वापरून पाहिलं होतं का?

कच्ची_वीट:
हो, आणि ते काढावं लागलं. रँचोस दे ताओस गावातलं सान फ्रान्सिस्को दे आसिस हे चर्च 1816 च्या सुमारास पूर्ण झालं. कच्च्या विटांच्या जाड भिंती, बाहेरून मातीचा लेप. 1967 मध्ये कायमची कटकट मिटावी म्हणून त्यावर सिमेंट चढवलं. सिमेंटला बारीक भेगा पडतातच. त्यातून पाणी आत गेलं, पण बाहेर पडायला वाट उरली नाही आणि आतली वीट भिजून खचू लागली. 1979 मध्ये लोकांनी सगळं सिमेंट उतरवून पुन्हा मातीच लावली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गाव एकत्र येऊन चर्च लिंपतं.

जाळीवरचं सिमेंट फार फसवं. मागची माती चिखल झाली तरी जाळीच्या आधारानं कवच उभं राहतं, त्यामुळे नुकसान दिसतं ते थेट भिंत फुगल्यावर.

पन्हळ:
लिंपण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. झड बुडालाच आहे म्हणजे ओल जमिनीतून चढतेय. देवळाभोवती पेव्हर ब्लॉक किंवा कोबा केलाय का? बहुतेक गावांत गेल्या काही वर्षांत केलाय. फरशीखालची वाफ उघड्यावर निघत नाही, मग ती भिंतीत चढते. भिंतीलगतची दोन-तीन फुटांची पट्टी उखडून मुरूम भरा आणि सहा फुटांत तीन-चार इंच उतार बाहेरच्या बाजूला द्या. माळवदाच्या पन्हळी भिंतीपासून निदान दीड फूट पुढं हव्यात. आतून ऑइल पेंट किंवा टाइल्स असतील तर तेही काढा, त्यांचा परिणाम सिमेंटसारखाच होतो.

बार्शी_वेस:
चारी बाजूंनी पेव्हर आहेत. आणि मागच्या भिंतीला आधीच तीन फूट उंच सिमेंट आहे. ते कसं काढायचं?

कच्ची_वीट:
सगळं एकदम उतरवू नका. आधी त्या बाजूच्या तुळयांना आतून टेकू द्या. मग तीन फुटांचा एक पट्टा उघडा, जाळी कटरनं कापा, घण घालू नका. उघडा भाग आठ-पंधरा दिवस सुकू द्या. पोकळ निघालं तर मऊ माती खरवडून त्याच जातीच्या मातीच्या, पूर्ण वाळलेल्या कच्च्या विटा चिखलात बसवा. तो पट्टा पक्का झाल्यावर, मधला एक सोडून पुढचा उघडा. विटांच्या सांध्यात सिमेंट अजिबात नको.

लेपासाठी काळी माती घेऊ नका. ती फुगते, वाळली की तडकते. पांढरीची माती एक भाग, चाळलेली वाळू दोन ते तीन भाग आणि बोटभर लांबीचा गव्हाचा भुसा, असं चार-पाच दिवस भिजवून तुडवा. एक-एक फुटाचे तीन नमुने भिंतीवर लावून बघा. तडे गेले तर वाळू नि भुसा वाढवा, हात फिरवल्यावर भुकटी निघाली तर माती वाढवा. भिंतीवर पाणी शिंपडूनच पहिला थर पाऊण इंच, ओरखडे काढून वाळवा, मग पातळ थर.

गल्ली_नंबर_पाच:
पण दरवर्षी माणसं कुठून आणायची? गवंडीसुद्धा माती लावायला तयार नसतो.

पन्हळ:
दरवर्षी सगळं लिंपावं लागत नाही. पावसाचा मारा बसणारी बाजू, माळवदाचा कठडा नि बुडाची पट्टी, एवढंच बघायचं. न्यू मेक्सिकोतल्या गावांत चर्चच्या देखभालीची जबाबदारी पाळीनं घेणारे मायोर्दोमो असतात, बहुधा एक जोडपं. माती-भुशाची व्यवस्था आणि लोक जमवणं त्यांच्याकडं. लिंपण्याचं कसब तिथं परंपरेनं बायकांचं, आपल्या सारवणासारखंच. 1986 पासून कॉर्नरस्टोन्स ही सांता फे इथली संस्था गावांना तंत्र शिकवते, हात मात्र गावाचेच. तुमच्याकडं मारुतीचा उत्सव चैत्रात, तेव्हा फेब्रुवारीत लिंपण उरका. एप्रिलच्या उन्हात लेप वरून झटकन वाळतो, आत ओला राहतो नि सुटतो. उशीर झालाच तर सकाळीच काम करा आणि दुपारी ओली गोणपाटं टांगा.




कच्ची_वीट:
देऊळ राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर पट्टा उघडण्याआधी पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी घ्या.