भांडत नाहीत, विषय बदलतात
सरकारं आपली माणसं लावून नेटवर खोट्या नावांनी कमेंटा टाकतात का, यावर इथे चर्चा चाललीय. एकांनी विचारलंय, ‘सरकारला कमेंटा करत बसायला वेळ कुठाय?’ दुसऱ्या कुणाचं म्हणणं, ‘विरोधी बोलतो तो पगारी’, म्हणजे पैसे घेऊन लिहिणारा. पहिल्याचं उत्तर : वेळ काढतात हो. दक्षिण कोरियात २०१२च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी गुप्तचर खात्याच्या माणसांनी खोट्या नावांनी विरोधी उमेदवाराविरुद्ध कमेंटा टाकल्या. खात्याचे तेव्हाचे प्रमुख वोन से-हून यांची चार वर्षांची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. म्हणजे हे काही पारावरच्या गप्पांतलं नाही, कोर्टात टिकलेलं आहे.

पण चीनचा प्रकार जास्त बेरकी. एका जिल्हा प्रचार कार्यालयाचे ईमेल फुटले, त्यांवरून हार्वर्डच्या गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अंदाज मांडला : सरकारने टाकायला लावलेल्या बनावट पोस्टी वर्षाला सुमारे ४४ कोटी ८० लाख! लिहिणारे बहुतेक सरकारी नोकरच. आणि गंमत म्हणजे ते टीकाकारांशी वाद घालतच नाहीत. लोक चिडायला लागले की देशाचं कौतुक, हुतात्म्यांचं स्मरण असलं काहीतरी ओतायचं. मूळ विषय आपोआप खाली जातो.

लातूरकडच्या आमच्या ग्रुपवर सोयाबीनच्या भावावरून चर्चा तापली की कुणीतरी असंच भलतंच फॉरवर्ड टाकतं आणि सगळे तिकडे वळतात. त्यामागे सरकार आहे असं मी म्हणत नाही. आमच्याकडे हे काम फुकटात करणारे रग्गड आहेत. म्हणूनच ‘विरोधी बोलतो तो पगारी’ हे दुसरं म्हणणं मला पटत नाही. माणूस कोण, यापेक्षा तो नेमका कधी विषय फिरवतो, ते बघा.