अमेरिकेचा इतिहास वाचायचाय, सुरुवात कुठून करू?

चोपडेकर
१८६० च्या दशकात खानदेशात कपाशीला सोन्याचा भाव आला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढचं वाचायचंय. इंग्रजी चालेल, पण परीक्षेचं पुस्तक नको. कोलंबसापासून क्रमाने जावं का? फुकट काही मिळत असेल तर तेही सांगा.

पऱ्हाटी
कोलंबसापासून नको भाऊ. सगळा इतिहास एका खंडात हवा तर जिल लेपोर यांचं 'दीज ट्रुथ्स' (२०१८) चांगलं आहे, पण पहिलंच पुस्तक म्हणून ते एक्सप्रेससारखं वाटतं. पाट्या दिसतात, गावं राहून जातात.

तुमच्या वाक्यातच काळ ठरलेला आहे, १८६१ ते ६५. त्यावर जेम्स मॅकफर्सन यांचं 'बॅटल क्राय ऑफ फ्रीडम' (१९८८) घ्या. पानं नऊशेच्या घरात आहेत, पण गोष्टीसारखं पुढे सरकतं. लोक अडकतात ते सुरुवातीला, कारण पहिली तोफ आठव्या प्रकरणाच्या शेवटी डागली जाते. म्हणून पहिलं प्रकरण वाचा, त्यात शेती, रेल्वे, गिरण्या सगळं येतं. मधल्या पक्षीय राजकारणात जीव रमला नाही तर सरळ १८६० च्या निवडणुकीवर या. राहिलेलं नंतर वाचलं तरी चालतं. लढायांमधल्या तुकड्यांची नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. नाकेबंदीचं, म्हणजे दक्षिणेची बंदरं अडवण्याचं, प्रकरण मात्र सोडू नका.

आणि एक. युद्ध सुरू झालं आणि लगेच इकडे भाव चढले, असं झालं नाही. १८६० चं अमेरिकेतलं पीक भरघोस होतं, त्यातला बराच माल आधीच इंग्लंडला पोचला होता. गोदामं भरलेली होती. खरा तुटवडा १८६२ मध्ये जाणवला. नुसती लिंकनची नाकेबंदीच कारण नव्हती. इंग्लंडने आपल्याला मान्यता द्यावी म्हणून दक्षिणेने, म्हणजे गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या राज्यांनी, सुरुवातीला स्वतःच माल अडवून धरला होता. डाव उलटला.

जिनवाला_जळगाव
कपाशीच्या बाजूने शिरायचं असेल तर सॉलोमन नॉर्थअप यांचं 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (१८५३) आधी वाचा. न्यूयॉर्क राज्यातला हा स्वतंत्र माणूस १८४१ मध्ये पळवून लुइझियानात विकला गेला. बाराव्या प्रकरणात नांगरणीपासून वेचणीपर्यंत सगळं आहे. दिवसाची वेचणी साधारण २०० पौंड, म्हणजे ९० किलो. रोज संध्याकाळी जिनात (सरकी काढतात तिथे) काटा, वजन कमी भरलं की फटके. ज्याने वेचणी पाहिली आहे त्याला ९० किलो म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. हे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे.

त्यानंतर स्वेन बेकर्ट यांचं 'एम्पायर ऑफ कॉटन' (२०१४). युद्धाआधी ब्रिटनच्या वापरातला ७७ टक्के कापूस अमेरिकेचा होता, तो बंद पडल्यावर जगभर काय हललं, हे त्यात येतं. वऱ्हाडही आहे. आपल्याकडच्या मालाचा धागा आखूड, त्यात सरकी आणि कचरा, म्हणून इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतले कामगार त्याच्या नावाने बोटं मोडायचे. भेसळ इतकी वाढली की मुंबई सरकारला १८६३ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजारही झोपला.

एडवर्ड बॅप्टिस्ट यांचं 'द हाफ हॅज नेव्हर बीन टोल्ड' (२०१४) लोक डोळे मिटून सुचवतात. वाचा, पण सांभाळून. १८०१ ते १८६२ दरम्यान माणशी वेचणी सुमारे चौपट झाली, ती मुख्यतः छळाच्या जोरावर, असं त्यांचं म्हणणं. ओल्मस्टेड आणि रोड हे अर्थतज्ज्ञ म्हणतात, वाण बदलला. मेक्सिकन बियाण्यातून आलेल्या जातींची बोंडं मोठी आणि वेचायला सोपी होती. फटके पडत होते यात दोघांचंही दुमत नाही. वाद आहे तो चौपटीच्या कारणाचा. वाणाने वेचणीत किती फरक पडतो हे खानदेशात कुणाला पटवायची गरज नाही, त्यामुळे माझं माप दुसऱ्या बाजूला.

नकाशावाला
विकत घेताना बघा. फूटपाथवरच्या नकली प्रतीत नकाशे काळे डाग होऊन छापलेले असतात, कधी शेवटच्या टीपाच गायब. मॅकफर्सन नकाशाशिवाय वाचणं म्हणजे अंधारात चालणं. मोबाइलवर वाचत असाल तर मिसिसिपी नदीचा एक मोठा नकाशा वेगळा उघडून ठेवा आणि त्यावर व्हिक्सबर्ग शोधा. ४ जुलै १८६३ ला ते पडलं आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. नकाशा समोर असला की 'एवढ्या एका गावासाठी एवढं का?' हा प्रश्नच पडत नाही.

वाचायचा कंटाळा आला तर येल विद्यापीठाची डेव्हिड ब्लाइट यांची २७ व्याख्यानं फुकट आहेत.

सातपुडा_नंदुरबार
मूळ रहिवाशांबद्दल कुणीच बोललं नाही! डी ब्राउन यांचं 'बरी माय हार्ट ॲट वूंडेड नी' (१९७०). काळ १८६० ते ९०. बरीचशी प्रकरणं सुटी वाचता येतात. दोष एकच, १८९० च्या वूंडेड नीच्या हत्याकांडावर पडदा पडतो आणि हे लोकच संपले असं वाटायला लागतं. त्याला उत्तर म्हणून डेव्हिड ट्रॉयर यांचं 'द हार्टबीट ऑफ वूंडेड नी' (२०१९) लगोलग वाचा. ते स्वतः ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या जमातीतले आहेत.

चोपडेकर
सगळ्यांचे आभार. कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवलं म्हणून फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, त्या बाजूने काय वाचू?

पऱ्हाटी
एरिक फोनर. रिकन्स्ट्रक्शन म्हणजे युद्धानंतरची दक्षिणेची पुनर्रचना, त्यावर त्यांनी लिहिलंय. पण नावात घोळ होतो. 'रिकन्स्ट्रक्शन' (१९८८) हा मोठा ग्रंथ, 'अ शॉर्ट हिस्टरी ऑफ रिकन्स्ट्रक्शन' (१९९०) हा त्याचाच संक्षेप. दोन्ही मागवू नका, संक्षेप पुरतो. 'गुलामगिरी' १८७३ ची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्यांच्या टोळीने कृष्णवर्णीयांचं हत्याकांड केलं आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं लष्करही मागे घेतलं गेलं. अर्पणपत्रिका शेजारी ठेवून फोनर वाचा.