मदत हवी आहे : चिपळूणचे पूरग्रस्त घर आहे त्या स्थितीत विकण्याबाबत

नमस्कार. चिपळूणमध्ये आमचे जांभ्या दगडाचे वडिलोपार्जित घर आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी माडीच्या जिन्यापर्यंत चढले. देवघराच्या कोनाड्याच्या वर चिखलाची रेघ अजूनही दिसते आणि मागच्या पडवीची भिंत तुळईपासून सुटली आहे. दुरुस्तीचा खर्च आम्हा भावंडांना झेपणारा नाही, म्हणून घर आहे त्या स्थितीत विकायचे ठरवले आहे. मात्र आईने तिथे चाळीस वर्षे संसार केला, त्यामुळे ते मातीमोल भावाने जाऊ नये, असे मनापासून वाटते.

एक खरेदीदार आठवडाभरात सगळी रक्कम रोख द्यायला तयार आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रोख घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, म्हणून मी त्याला नकार देऊन पैसे बँकेमार्फतच मागितले आहेत.

मुद्रांक शुल्क खरेदीची किंमत आणि रेडी रेकनरनुसार (सरकारने जाहीर केलेल्या दरांनुसार) येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर ठरते. पण पडझड विचारात घेऊन मूल्यांकन कमी व्हावे, यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाचा (शुल्क अधिकृतपणे ठरवून घेण्याचा) अर्ज करताना पुराच्या वेळचा पंचनामा पुरेसा ठरतो, की नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवालही लागतो? घर निळ्या पूररेषेच्या (नदीकाठच्या पूरक्षेत्राची सरकारने आखलेली हद्द) आत आहे, हे खरेदीदारापासून लपवणे मला पटत नाही. खरेदीखतात ते, भिंतीच्या नुकसानीसह, कोणत्या शब्दांत नोंदवावे, म्हणजे पुढे वाद उद्भवणार नाही? मिळकत पत्रिकेवर बहिणीचेही नाव आहे आणि तिला प्रवास शक्य नाही. तिचे कुलमुखत्यारपत्र कसे करून घ्यावे? असा व्यवहार केलेल्यांनी कृपया अनुभव कळवावा.