मदत हवी आहे: तुळजापूर ते जैसलमेर बाईकवर, डिसेंबरात, माळढोक बघायला

नमस्कार मंडळी. लांबड लागणारय, चहा घेऊन बसा.

मी तुळजापूर तालुक्यातला. खतं-बियाणांचं दुकान आहे, म्हणजे खरीप आणि रब्बीच्या पेरणीत मला मरायलाही सुट्टी नसते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जरा हात मोकळा होतो. यंदा मी आणि माझा चुलतभाऊ (मोटार रिवायंडिंगचं दुकान, बोअरच्या जळक्या मोटारी भरतो, त्यामुळं पाने-पकडी ही त्याची जबाबदारी) असे दोघं जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला बाईकवर निघायलोत. माझी पल्सर 150, त्याची स्प्लेंडर. हसू नका, घरात सगळ्यांचं हसून झालंय.

कशासाठी तर माळढोक. आमचे आजोबा मेंढरं घेऊन माळानं फिरायचे, ते त्याला हूम म्हणायचे, नर घुमतो त्या आवाजावरून. त्यांच्या बोलण्यात हूमचं काही अप्रूप नसायचं, तितर-लाव्हऱ्यासारखंच एक पाखरू, फक्त मीटरभर उंच. नान्नज आमच्यापासून तासा-दीड तासावर आहे, 1979 ला तिथं अभयारण्य झालं तेच या पक्ष्यासाठी, मी तीनदा जाऊन आलो आणि तिन्ही वेळा काळवीट बघून परत. काळवीटाला नावं ठेवत नाही, पण ज्याच्यासाठी गेलो तो नाही. आता सगळ्या देशात दीडशेच्या आत उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडं. मग म्हणलं जाऊ या, नंतर हळहळण्यात काय हशील.

रस्त्याचं असं ठरवलंय की आपला 52 नंबर हायवे घरापासूनच, धाराशिव-बीड-संभाजीनगर-कन्नडचा घाट-चाळीसगाव-धुळे, पहिला मुक्काम धुळ्यात, सव्वाचारशेच्या आसपास होतंय. दुसऱ्या दिवशी नवापूरवरून सुरतेच्या बाहेरून बडोदा. तिसऱ्या दिवशी अहमदाबाद, पालनपूर, सांचोर. चौथ्या दिवशी बाडमेर करून जैसलमेर. एकूण साडेचौदाशे धरलंय. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून साडेतीन हजार किलोमीटर, दोन्ही गाड्यांना मिळून दीडशे लिटरच्या आत पेट्रोल बसावं, स्प्लेंडर तर वासावर चालते.

आता खरा प्रश्न. नकाशात बघितलं तर खुरीपासून सुदासरीवरून सम गावापर्यंत पार्कातूनच आडवं जाता येईल असं दिसतंय. भावाचं म्हणणं डांबरी सोडून सरळ वाळूतनं घालू, व्हिडिओत पोरं घालतेत तसं. मला धाकधूक आहे. वाळूत 150 सीसी चालते का, टायरात हवा किती ठेवायची, पार्कात बाईक सोडतेत का, परवानगी कुठं काढायची, आणि बॉर्डर जवळ आहे तर आधार कार्डावर भागतंय का अजून काही लागतंय. तनोटलाही जायचंय, आईचा तेवढ्या एका गोष्टीला होकार आहे कारण देवीचं ठिकाण आहे. तंबू न्यावा का तेपण सांगा.

पाण्याचं नका सांगू. आमच्या शेजारच्या लातूरला 2016 ला रेल्वेनं पाणी आलेलं, तांब्याभर पाण्यात अंघोळ कशी करायची ते आमच्याकडून शिकून घ्या.

बुलेटवाला बीडकर

लई भारी प्लॅन भावा. पल्सर-स्प्लेंडर म्हणून कमीपणा घेऊ नको, वाळूत हलकी गाडीच बरी. माझी बुलेट आडवी पडली तर उचलायला दोन माणसं लागतेत, तुझी स्प्लेंडर एकटा माणूस काखेत मारून नेईल.

रस्त्याबद्दल दोन गोष्टी. बडोदा-अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर टूव्हीलर चालत नाही, मॅप तुला बिनधास्त तिकडंच ढकलणार, ऐकायचं नाही. आणंद-नडियादवरून जुना हायवे धर. आपल्या समृद्धीसारखंच आहे ते. दुसरं म्हणजे चौथ्या दिवशी सांचोरवरून उजाडताच निघ. बाडमेरच्या पुढं रस्ता सरळसोट आणि मोकळा, त्यामुळं डोळ्यावर झापड येते, आणि संध्याकाळी रस्त्यावर गाई, बकऱ्या, उंट काहीही बसलेलं असतं. उंटाचे पाय लांब, हेडलाईटीत आधी चार काठ्या दिसतेत आणि वरचं धड दिसेपर्यंत उशीर होतो. अंधार पडला की गाडी बंद, हा नियम कर. तिकडं डिसेंबरात सव्वासातच्या पुढं उजाडतं, आपल्यापेक्षा उशिरा, ते हिशोबात धर.

चेनला इथून निघताना ऑईल दे पण वाळूच्या भागात पोचल्यावर चेन पुसून कोरडी ठेव. ओल्या चेनला वाळू चिकटली की सँडपेपर होतो, स्प्रॉकेट खाऊन टाकतो. एअर फिल्टर रोज रात्री काढून झटकायचा. साईड स्टँडखाली ठेवायला एक चपटी फळी घे, घरातला जुना पोळपाटसुद्धा चालेल, नाहीतर स्टँड वाळूत रुतून गाडी लोळते.

उगंच विचारतो

एवढा कुटाणा कामून करायलाव? गाडी पार्सल करा, तुम्ही रेल्वेच्या स्लीपरात झोपा, जोधपूरला उतरा आणि तिथून चालवा. टाकी रिकामी करून द्यावी लागते, आरसी बुकाची झेरॉक्स आणि ओळखपत्र लागतं, गोणपाटानं नीट बांधून घ्या म्हणजे इंडिकेटर शाबूत राहतील. चार दिवस वाचतेत. पाठ पण वाचते. चाळिशीतले दिसताव म्हणून सांगतोय.

गवताळ

मी पक्षी बघायला दोनदा तिकडं गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, बाईकचं मला कळत नाही.

पहिलं, भावाला सांगा वाळूतनं गाडी घालायचं डोक्यातून काढ. तुम्हाला वाटतंय पार्क म्हणजे नुसत्या टेकड्या, तसं नाही. 3162 चौरस किलोमीटरचा भाग आहे, जैसलमेर आणि बाडमेर दोन जिल्ह्यांत, आणि वाळूच्या टेकड्या त्यात जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी खडकाळ माळ, खारट सपाटी आणि सेवण गवत. तुमच्या आजोबांचा माळ आठवा, त्याचाच लांबचा भाऊ. माळढोक टेकडीवर नसतो, गवतात असतो. मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं-बिरटं काही नाही. डिसेंबरात अंडी सापडायची नाहीत हे खरं, पण सेवणाची मुळं वाळू धरून ठेवतेत, त्यावरून चाकं गेली की गवत जातं, गवत गेलं की टोळ-किडे जातेत, आणि माळढोक खाणार काय. आणि एवढं मोठं पाखरू असून भलतं भित्रं आहे, इंजिनाचा आवाज आला की दूरवर चालत निघून जातं. म्हणजे ज्याच्यासाठी साडेचौदाशे किलोमीटर जाणार त्यालाच हाकलून लावणार.

नाव नॅशनल पार्क असलं तरी कागदोपत्री ते अभयारण्य आहे, 1980 चं, आणि आत पुष्कळ गावं, ढाण्या (वाड्या-वस्त्या) आहेत. त्यामुळं गावांना जोडणारे डांबरी रस्ते आहेत, त्यावरून लोकांची ये-जा चालू असते. सुदासरीला मात्र वन विभागानं कुंपण घालून राखलेला भाग आहे, तिथं परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. परवानगी जैसलमेरात वन विभागाच्या डेझर्ट नॅशनल पार्क ऑफिसात आदल्या दिवशीच काढा. बाईक सममध्येच ठेवा, तिथली जीप आणि तिथलाच माहितगार माणूस घ्या. पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवा. त्या माणसाच्या नजरेला जे दिसतं ते आपल्याला दुर्बिणीतून पण दिसत नाही.

पहाटे जा. नऊ-दहानंतर जमीन तापली की हवा लवलवायला लागते आणि लांबचा पक्षी आणि लांबचं झुडूप सारखंच दिसतं. माळढोक नाहीच दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि हिवाळी गिधाडं दिसतीलच.

आणि वर विजेच्या तारा दिसतील. त्याच माळढोकाला मारतेत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही, त्यात नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, तार दिसेपर्यंत वळायला वेळच राहत नाही. 2021 ला सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखाली घाला म्हणून आदेश दिला होता, 2024 ला तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तुम्ही जाताना रस्त्याच्या कडेला पवनचक्क्या बघाल तेव्हा आठवेल. सममध्ये 2019 पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्रही चालू आहे, पण ते बघायला सोडतेत अशा आशेवर राहू नका.

लातूरची रायडर

मी आणि मिस्टर दोन वर्षांखाली जाऊन आलोत, दोघांच्या दोन गाड्या. गवताळ म्हणतेत ते शंभर टक्के बरोबर, पण वाळूत घालायची खाज असेल तर पार्कच्या बाहेर, जिथं गाड्या चालतेतच अशा एखाद्या टेकडीवर अर्धा तास घाला आणि मोकळे व्हा. आणि डांबरी रस्त्यावरही वाऱ्यानं वाळू येऊन पडते, ती शिकल्याशिवाय सुटका नाही. ती दिसली की आधीच वेग कमी करायचा, वाळूत शिरल्यावर पुढचा ब्रेक अजिबात नाही, दुसऱ्या गिअरात ॲक्सिलेटर एकसारखा, हँडल घट्ट आवळायचं नाही, ते थोडं डुलणारच, डुलू द्यायचं. नजर चाकावर नाही, लांब. मी पहिल्यांदा चाकाकडं बघितलं आणि दोन मिनिटांत झोपले. लागलं काही नाही पण एक क्लच लिव्हर गेला. दोन्ही लिव्हर आणि क्लच-ॲक्सिलेटर केबल जास्तीच्या घ्याच, तुमचे भाऊ बसवतील.

हवा टेकडीवर थोडी कमी करता येते, पण डांबरीवर आलात की लगेच भरायची, म्हणून पायपंप सोबत ठेवा.

तनोटचं सांगते. जैसलमेर-रामगढ-तनोट साधारण सव्वाशे किलोमीटर. रामगढला टाकी फुल करा आणि खाऊन घ्या. देवळापर्यंत आपल्याला काही अडचण येत नाही, ओळखपत्र जवळ ठेवा. देवळाची व्यवस्था बीएसएफचे जवान बघतेत, 1965 च्या लढाईत न फुटलेले बॉम्ब आत मांडून ठेवलेत. येताना लोंगेवालावरून या, 1971 चं रणांगण आणि रणगाडे तिथंच आहेत, फेरा रामगढलाच येऊन मिळतो. देवळाच्या पुढं प्रत्यक्ष बॉर्डरकडं जायचं तर वेगळी परवानगी. बॉर्डरलगतच्या काही गावांत बाहेरच्या माणसाला असंच हिंडता येत नाही, त्यामुळं आडवाट दिसली म्हणून घुसायचं नाही, आधी जैसलमेरात पोलिसांना नाहीतर कलेक्टर ऑफिसात विचारायचं. ड्रोन घरीच ठेवा. लष्कराच्या गाड्यांचे, चौक्यांचे फोटो नको.

तंबू नका नेऊ. रात्री पारा पाच-सहापर्यंत उतरतो, आपली थंडी म्हणजे त्यांच्यापुढं काहीच नाही. खुरीत गावातल्या घरांत राहायची सोय होते, बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी आणि वर तूप, तुम्हाला परकं वाटणारच नाही. सकाळी बूट झटकून घाला, फुरसं तिकडं पुष्कळ.

आणि दादा, पाण्याचं सांगू नका म्हणलात तरी सांगते. थंडीत तहान लागत नाही, हेल्मेटात घाम कळत नाही आणि दुपारी डोकं धरतं. माझं धरलं होतं. लातूरचीच आहे मी.

माळकरी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. ताई, पाण्याचे शब्द मागं घेतले, माणशी पाच लिटरचा कॅन बांधतो.

सुदासरीचं बदललं. रात्री भावाला गवताळरावांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो गप ऐकत होता, मग म्हणला आजोबांनी मेंढरं हाकताना हूम उठवलं नसेल तर आपण कामून गाडीनं उठवायचं. मला वाटलं होतं भांडेल. म्हणजे आता एक दिवस खुरीत मुक्काम, तिथून समला डांबरीनं, गाड्या सममध्ये लावायच्या आणि आधी काढलेली परवानगी घेऊन पहाटे जीप. वाळूची हौस पार्कबाहेर एका टेकडीवर, अर्धा तास, घड्याळ लावून.

पार्सलवाले दादा, तुमचं पटतंय पण जाताना चालवतच जाणार. येताना पाठीनं जीव सोडला तर जोधपूरवरून पार्सल टाकू, कागदं सोबत ठेवतो.

येताना एक दिवस हाताशी राहतोय. पोखरण, रामदेवरावरून फलोदीजवळच्या खीचनला करकोचे बघायला वळावं म्हणायलोय, तिकडं त्यांना कुरजा म्हणतेत, हिवाळ्यात गावकरी दाणे टाकतेत आणि ते कळपानं येतेत. तिथं सकाळी साधारण किती वाजता पोचलं पाहिजे आणि जवळ साधी खोली मिळते का, एवढं कुणी गेलं असेल तर सांगा. आणि गवताळराव, दुर्बीण 8×42 ची घेऊ का 10×50 ची? भाऊ म्हणतोय मोठी घे. बाईकवर बसून वापरायची नाही हे त्याला कोण सांगणार.