परदेशी शाळेतले बाई-सर : पहिल्या वर्षाचे अनुभव लिहा

परदेशात नोकरी म्हटलं की आपल्याकडे आयटीवालेच डोळ्यांसमोर येतात. शिकवायला गेलेली मराठी माणसंही काही कमी नाहीत, पण ती फारशी बोलत नाहीत. म्हणून हा धागा. व्हिसा, पगार, करार यांवर इथे नको, त्याची माहिती सगळीकडे मिळते. रोजचं लिहा : घड्याळ, डबा, चपला, हजेरी, शेजारी. शाळेचं नाव नको, देश पुरे. सुरुवात मी करते.

इथिओपिया

नवरा आणि मी, दोघंही एकाच विद्यापीठात. रुजू झाल्यावर विभागप्रमुख म्हणाले, "उद्या दोन वाजता पहिला तास." मी दुपारचे दोन धरून निवांत. शेजारी एक तेलुगू प्राध्यापक राहत होते, त्यांनी रात्रीच सावध केलं. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. विमान आपल्या घड्याळाने सुटतं, बस त्यांच्या. वर्षाचे महिने तेरा, त्यातला शेवटचा पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा. साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. नवं वर्ष ११ सप्टेंबरला, कधी १२ला. माझ्या रुजू झाल्याच्या पत्रावरची तारीख बघून आईने फोनवर विचारलं, "अगं, तेव्हा तर तुझं लग्नसुद्धा झालं नव्हतं!"

खरी गंमत नावांची. तिथे आडनाव हा प्रकारच नाही. फॉर्मवर नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. माझ्या कागदांवर मधलं नाव नवऱ्याचं, ते कारकुनाने वडील म्हणून चढवलं आणि आडनाव आजोबांच्या रकान्यात. पुढे काउंटरवरच्या मुलीने अदबीने विचारलं, "तुमचे वडीलही इथेच शिकवतात ना?" नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता आम्ही ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

शाकाहाऱ्यांची उपासमार होईल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. उलट झालं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो, शिवाय ईस्टरआधी ५५ दिवस. मांस, अंडी, दूध काही चालत नाही. त्या दिवशी खानावळीत 'त्सोम' (उपासाचं) म्हटलं की मोठ्या इंजेरावर (आंबवलेल्या पिठाचा डोशासारखा प्रकार) मसूर, कोबी-गाजर, पालेभाजी आणि शिरो. नावावर जाऊ नका, हा शिरो म्हणजे आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ. मंगळवारी मात्र हॉटेलवाला आपल्याकडे दयेने बघतो.

जड गेलं ते उष्ट्याचं. ताट एकच, हात सगळ्यांचे. वर माया उतू गेली की समोरचा स्वतःच्या हाताने घास करून तुमच्या तोंडात कोंबतो. त्याला गुर्शा म्हणतात, आणि घास जेवढा मोठा तेवढं प्रेम जास्त. नको म्हणायची सोय नाही. आमच्याकडे लग्नातसुद्धा घास भरवताना नाव घ्यावं लागतं. इथे डीनबाईंनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत भरवला.

थायलंड

मी इसान भागात, म्हणजे देशाच्या ईशान्येला, गणित शिकवायचो. सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत, ते शाळेतच नाही तर बसस्टँडवरही. लाउडस्पीकर सुरू झाला की भाजीवाली हातातली जुडी तशीच धरून उभी राहते.

हजेरीपटावरची नावं अर्धी ओळ भरतील एवढी लांब, आणि प्रत्यक्षात पोरांना हाक मारायची बँक, गोल्फ, आइस, बेन्झ. पालकही तशीच मारतात. मी स्वतःसाठी वेगळी वही केली होती : खरं नाव एका बाजूला, बेन्झ दुसऱ्या.

जूनमध्ये 'वाइ ख्रू' होतं, म्हणजे गुरुवंदना. बहुधा गुरुवारीच, कारण तो बृहस्पतीचा वार. पोरं गुडघ्यांवर रांगेत पुढे येतात आणि शिक्षकांपुढे तबक ठेवतात. त्यात वांग्याचं फूल, खेमची लाल फुलं (कोकणात कुंपणाला असते तीच इक्सोरा), लाह्या आणि दूर्वा. हो, आपल्याच दूर्वा! वांग्याचं फूल मान खाली घालून असतं म्हणून नम्रतेचं, दूर्वा भराभर पसरतात म्हणून विद्येच्या. मी कोल्हापूरचा, गणपतीच्या एकवीस दूर्वा निवडत वाढलेला. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना गुडघ्यांवर बघून अवघडायला झालं, हेही खरं. सगळं छानच वाटलं असं लिहिणार नाही.

जेवणात फिश सॉस सगळीकडे. लाल अक्षरं असलेला पिवळा झेंडा दिसला की ते 'जे' जेवण, तिथे निर्धास्त बसा. पण त्यात कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय, आमच्यासारख्यांना ठेचा सोबत न्यावा लागतो.

जपान

शाळेत शिरतानाच बाहेरचे बूट कप्प्यात, आतले पायात. स्वच्छतागृहाच्या चपला आणखी वेगळ्या. शिक्षकांना वेगवेगळ्या खोल्या नाहीत, सगळ्यांची टेबलं एका मोठ्या दालनात. ऑगस्टमध्ये मुलांना सुट्टी, तरी तुम्ही त्या टेबलाशी हजर.

प्राथमिक शाळेत शिक्षक मुलांबरोबर वर्गातच जेवतात. पांढरे झगे, टोप्या, मास्क घालून मुलंच वाढतात. त्याआधी मुख्याध्यापक ते जेवण चाखून बघतात, रोज, मुलांच्या तोंडी जायच्या आत. मला हे फार आवडलं. शाकाहाराचं म्हणाल तर भाजीच्या साध्या सूपमध्येही सुक्या माशाचा अर्क असतो. मी पहिल्याच आठवड्यात सांगून डबा न्यायची परवानगी घेतली. मग अख्खा वर्ग रोज माझ्या डब्यात काय आहे ते विचारायचा. भेंडीला प्रचंड मान मिळाला; ती त्यांच्याकडेही असते, पण परतून कुरकुरीत केलेली त्यांनी पाहिली नव्हती.

जेवणानंतर साफसफाई. मुलं ओल्या फडक्याने जमीन पुसत पळतात, शिक्षकही सोबत असतात. आपल्याकडे पालकांनी मोर्चा आणला असता.

वर्गात प्रश्न विचारला की शांतता. येत नाही म्हणून नव्हे; शेजाऱ्याशी कुजबुजून खात्री केल्याशिवाय हात वर करायचा नाही. मी आधी दोघांना आपसात बोलायला लावायची, मग विचारायची. तेव्हा कुठे वर्ग बोलू लागला.

जाता जाता : मूळचे आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि २०२३मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. त्यामुळे स्टाफरूममध्ये "तुम्ही योगी-सानच्या (म्हणजे पुराणिकांच्या) देशातल्या" हे ऐकायला मिळतं.

अमेरिका

बाई वर्गात आल्यावर कोणी उठत नाही. पहिले दोन-तीन दिवस माझा हात आपोआप "बसा बसा" करायला वर जायचा. तिथे वर्ग माझा असतो, दर तासाला मुलं बदलतात. मुलांचे गुण मोठ्याने वाचायचे नाहीत, उत्तरपत्रिका पालथी घालून द्यायची. गाडीवाचून हाल. आणि लॉकडाउनचा, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं त्याचा, सराव : दिवे बंद, दार बंद, पोरं कोपऱ्यात मुकाट. यावर मला जास्त लिहवत नाही.

भूतान

माझं थोडक्यात. घड्याळ भारताच्या अर्धा तास पुढे, रुपया चालतो, हिंदी कळते, त्यामुळे परदेश वाटतच नाही. मग पहिल्यांदा एमा दात्शी (मिरच्या आणि चीजची भाजी) समोर येते. मिरची ही फोडणीची वस्तू नसून भाजी आहे, हे खानदेशी माणसालाही पचवायला वेळ लागला.

मालदीव

शाळा रविवार ते गुरुवार, शुक्रवार-शनिवार सुट्टी. भाजी बोटीने येते. समुद्र खवळला की कांदेच नाहीत. पूजेची मूर्ती न्यायला कस्टम्सची मनाई आहे, सामान भरतानाच लक्षात ठेवा.

एक प्रश्न

ऑगस्टपासून जपानमध्ये रुजू होतेय, लहान गाव आहे. मिक्सर आणि कुकर, दोन्ही नेऊ का?

उत्तर (वरची जपानवाली)

मिक्सर अजिबात नको. तिथे वीज १०० व्होल्टची, आपला २३०चा नुसता गुरगुरेल. कुकर आणा, पण घरात गॅस आहे की इंडक्शन हे आधी विचारा आणि तसा तळाचा घ्या. डाळी-मसाले टोकियोतल्या निशिकासाईच्या भारतीय दुकानांतून मागवता येतात. गोडा मसाला मात्र घरचा आणा. स्टाफरूममध्ये वाटायला सुटी बांधलेली चिक्की भरपूर घ्या, प्रत्येक टेबलावर एक ठेवावी लागते, मुख्याध्यापकांपासून शिपायांपर्यंत.