प्रत्येक वेळी कुणीतरी मेलंच पाहिजे का?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. मी राहतो त्या न्यू जर्सीत तेव्हा लायब्ररी, चर्च, कम्युनिटी कॉलेज, जिथे जागा मिळेल तिथे छोट्या नाटकांच्या संध्याकाळी होतात. दहा मिनिटांचं एक, वीस मिनिटांचं एक, असं करत दीड-दोन तासांचा कार्यक्रम. मी हौशी नाटकवाला, त्यामुळे जमेल तितके बघतो. कामं चांगली असतात. माझी तक्रार निवडीबद्दल आहे. एकात पोलिसाची गोळी, दुसऱ्यात जमावाने झाडाला लटकवलेला पोरगा, तिसऱ्यात तुरुंगातून आलेलं पत्र. उरलेल्या चौथ्यात आजी बायबल मांडीवर घेऊन बसलेली असते आणि शेवटी रडते. या घरांमध्ये कुणी जावेशी भांडत नाही का? कुणाचं लग्न ठरत नाही, मोडत नाही? भाड्यावरून, केसांवरून, चर्चमधल्या पुढच्या बाकावरून रुसवेफुगवे होत नाहीत?

हे भांडण मी उकरून काढलेलं नाही, जुनंच आहे. 1926 साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत-नेते ड्यू बॉइस यांनी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत 'क्रिग्वा प्लेअर्स' ही नाटकमंडळी उभी केली. 135व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक लायब्ररीच्या तळघरात प्रयोग व्हायचे. त्यांच्या चार अटी प्रसिद्ध आहेत: नाटक आमच्याबद्दल असावं, आमच्यातल्याने लिहिलेलं असावं, आमच्यासाठी असावं आणि आमच्या वस्तीत व्हावं. याच मंडळींत युलाली स्पेन्स होत्या. लहानपणी नेव्हिस बेटावरून न्यूयॉर्कला आलेल्या, पुढे ब्रुकलिनमध्ये शिक्षिका झालेल्या. ड्यू बॉइसना नाटकातून प्रचार हवा होता, बाईंना नाटक हवं होतं. 1928 मध्ये त्यांनी सरळ लिहिलं की लिंचिंगवरच्या, म्हणजे जमावाने माणूस मारण्यावरच्या, नाटकांनी गोऱ्या माणसाला काही वाटत नाही, आपला माणूस मात्र दुखावतो, अपमानित होतो.

त्यांची 'फूल्स एरंड' ही एकांकिका बघा. घरात लपवून ठेवलेले बाळाचे कपडे सापडतात. वस्तीतल्या चर्चवाल्या बायका लगेच ठरवून मोकळ्या होतात की बिनलग्नाच्या पोरीला दिवस गेलेत. पंचायत बसते, नवरा शोधला जातो. प्रत्यक्षात दिवस गेलेले असतात पोरीच्या आईला! 1927 च्या लिट्ल थिएटर स्पर्धेत, म्हणजे छोट्या नाट्यसंस्थांच्या स्पर्धेत, या एकांकिकेला 200 डॉलरचं बक्षीस मिळालं. ड्यू बॉइसनी ते निर्मितीच्या खर्चात वळतं केलं, लेखिकेला आणि नटांना दमडी मिळाली नाही, आणि मंडळी फुटली. (आपल्याकडे हौशी संस्थेत काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.)

माझं म्हणणं एवढंच: शंभर वर्षं होत आली तरी कार्यक्रम ठरवणारे ड्यू बॉइसच्याच बाजूने उभे आहेत, आणि त्यात कुटुंब नावाची गोष्ट हरवते.

कावेरी

साफ असहमत. तुम्ही ज्यांना मरणाची नाटकं म्हणताय ती वाचून बघा, मरण रंगमंचावर येतच नाही.

त्याच काळातल्या कृष्णवर्णीय लेखिका जॉर्जिया डग्लस जॉन्सन यांचं 'अ संडे मॉर्निंग इन द साउथ' घ्या, 1925 च्या सुमाराचं. रविवारची सकाळ, आजी दोन नातवांना न्याहारी वाढते आहे. थोरला एकोणीस वर्षांचा टॉम, ओझं उचलून पाठ धरल्यामुळे आदल्या रात्री लवकर झोपलेला. शेजारीण डोकावते, कॉफी घेते, गावगप्पा होतात. शेजारच्या चर्चमधून भजनं ऐकू येताहेत. मग पोलीस येतात, बरोबर एक गोरी मुलगी. तो हाच का? तिला धड सांगता येत नाही, पण पोलीस तिच्या तोंडून हो वदवून घेतात. आजी म्हणते, पोरगं रात्रभर घरात होतं. तिला कोण विचारतो? टॉमला नेतात. जिला अंगाखांद्यावर खेळवलं त्या गोऱ्या बाईकडे आजी निरोप धाडते, कारण तिचे वडील न्यायाधीश. निरोप पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. आणि हे सगळं आपल्याला कळतं ते त्याच स्वयंपाकघरात बसून.

आता सांगा, हे कौटुंबिक नाटक नाही? जमाव दिसत नाही, दोर दिसत नाही. दिसतं ते टेबलावरचं ताट. वर्तमानपत्रं तेव्हा मेलेल्याला गुन्हेगार ठरवून मोकळी व्हायची. तो कुणाचा तरी नातू होता, त्याची पाठ दुखत होती, हे सांगायला ही अर्ध्या तासाची नाटकं होती. करायला चार खुर्च्या आणि एक चूल पुरे, म्हणजे चर्चच्या खोलीत किंवा कुणाच्या दिवाणखान्यातही होतील. स्पेन्सबाईंबद्दल आदर आहे, पण 'आपला माणूस दुखावतो' हे कारण देऊन हे दार बंद करता येणार नाही.

पडदा_पाडा

लेख आवडला, पण प्रश्न साधा आहे. फेब्रुवारीत या कार्यक्रमांना पैसे कोण देतं? अनुदान देणाऱ्या समितीला अर्जात 'महत्त्वाचा विषय' लागतो. पोरीच्या आईला दिवस गेलेत हा महत्त्वाचा विषय नाही. बाकी चालू द्या.

तिसरी_घंटा

@कावेरी, नाटक थोर आहे, वाद नाही. वाद प्रमाणाचा आहे.

नटी आणि नाटककार ॲलिस चिल्ड्रेसचा किस्सा ऐकला असेल. हार्लेमच्या अमेरिकन निग्रो थिएटरमध्ये गप्पा चालल्या होत्या, पुढे सिनेमात गाजलेला नट सिडनी पॉइटिएही त्यात होता. पुरुष मंडळींचं मत पडलं की काळ्या-गोऱ्यांच्या नाटकात लिंचिंगसारखा जीवनमरणाचा प्रसंग असल्याशिवाय ते रंगत नाही. चिल्ड्रेसने त्याला उत्तर म्हणून एका रात्रीत 'फ्लॉरेन्स' लिहून काढलं. 1949 चं हे नाटक. दक्षिणेतल्या लहान गावचं रेल्वे स्टेशन, मधोमध कठडा, अलीकडे काळ्यांची बसायची जागा, पलीकडे गोऱ्यांची. आई न्यूयॉर्कला निघाली आहे, नटी व्हायला गेलेल्या मुलीला परत आणायला. कठड्यापलीकडची गोरी बाई मोठी सहृदय, स्वतः नटी. ती म्हणते, माझ्या ओळखी आहेत, तुमच्या मुलीसाठी शब्द टाकते. आईचा चेहरा उजळतो. मग कळतं, शब्द मोलकरणीच्या नोकरीसाठी आहे. आई गाडीत बसत नाही. प्रवासाचे पैसे मुलीला पाठवून देते, सोबत निरोप: प्रयत्न सोडू नकोस.

कुणी मरत नाही. आवाजसुद्धा चढत नाही. पण त्या कठड्याबद्दल दहा भाषणांत कळणार नाही इतकं कळतं. मला हे हवंय.

निळी_शाई

दोघांचंही वाचलं. एक गोष्ट दोघं विसरताय: हसतंय कोण?

एकोणिसाव्या शतकापासून गोरे नट तोंडाला काळं फासून 'मिन्स्ट्रेल शो' करत होते. आळशी नवरा, कजाग बायको, कोंबडीचोर पोरगा. काळ्या कुटुंबाची चेष्टा हा एक अख्खा धंदा होता. ड्यू बॉइस हे बघत मोठे झाले. त्यांना घरगुती विनोदाची धास्ती वाटली तर त्यांना रुक्ष म्हणून झटकून टाकू नका. म्हणूनच त्यांची चौथी अट कळीची आहे, वस्तीत. स्वतःच्या माणसांत 'फूल्स एरंड'वर पोट धरून हसता येतं. तीच एकांकिका ब्रॉडवेच्या प्रेक्षागृहात नेली की शेजारच्या खुर्चीतला माणूस नेमका कशाला हसला, ही शंका मनात राहते. स्पेन्सना बक्षीस मिळालं ते गोऱ्यांनी भरवलेल्या स्पर्धेत, हेही लक्षात असू द्या.

हे मी लांबून बोलत नाही. जोतीरावांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये ड्यू बॉइसना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली, त्यांचं उत्तरही आलं. 1972 ला मुंबईत दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून पँथर हे नाव उगाच नाही घेतलं. आमच्याही जलशांत हसू होतं, आणि भरपूर होतं. पण ते कुणासमोर, हा प्रश्न आम्हाला कधी सुटला नाही.

प्रयोगवाला

पुण्यातून लिहितोय. धागा वाचून डोक्यात किडा वळवळला. आमच्या ग्रुपला एकांकिकेचा विषय हवाय. जॉन्सनबाईंचीच 'प्लूम्स' वाचली होती, ती मराठीत बसवावी का? पात्रं काळी आहेत हे कळायला मेकअप करावा लागेल, एवढीच अडचण दिसते.

निळी_शाई

एवढीच? वरचा परिच्छेद वाचलात की नुसता स्क्रोल केलात? तोंडाला काळं फासण्याचा इतिहासच सांगत होतो.

शिवाय मराठी एकांकिकेत लांबचं दुःख नेहमीच खपतं. मिसिसिपीतल्या आजीसाठी परीक्षकांचे डोळे भरून येतात, शेजारच्या वाडीतली आजी आली की 'विषय जरा प्रचारकी वाटला' असा शेरा मिळतो. हे बघून बघून कंटाळा आलाय. प्रेमानंद गज्वींचं 'घोटभर पाणी' बसवा आधी. दोन नट लागतात, मेकअप लागत नाही.

एडिसनकर

मेकअपचा विषय निघालाच आहे म्हणून. कृष्णवर्णीय नाटककार डग्लस टर्नर वॉर्डने 1965 मध्ये 'डे ऑफ ॲब्सेन्स'मध्ये डाव उलटवला होता. दक्षिणेतलं एक गाव सकाळी उठतं तर सगळे काळे लोक गायब. पोरं रडताहेत, आयांना लंगोट बदलता येत नाही, गावाचा कारभार ठप्प. गावातले गोरे साकारले कृष्णवर्णीय नटांनी, तोंडाला पांढरं फासून! रंग फासायचाच तर असा.

कुणी कुणाची भूमिका करावी यावर 1997 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन आणि गोरे समीक्षक-दिग्दर्शक रॉबर्ट ब्रुस्टीन यांचा जाहीर सामना झाला होता. विल्सनचं म्हणणं, गोऱ्या नाटकांत काळे नट घुसवून उपकार करू नका, आम्हाला आमची थिएटरं उभी करायला पैसे द्या. मला हा मुद्दा पटतो, म्हणून पुण्यातल्या 'प्लूम्स'बद्दल माझा उत्साह बेताचाच.

आणि धागाकर्ते, तुमची बायबलवाली आजी! तिची टर 1986 लाच उडवून झाली आहे, तीही आपल्या जर्सीतच. न्यू ब्रन्सविकच्या क्रॉसरोड्स थिएटरमध्ये कृष्णवर्णीय नाटककार जॉर्ज सी. वुल्फचं 'द कलर्ड म्युझियम' झालं. अकरा छोटे प्रवेश, म्युझियममधल्या वस्तू मांडाव्यात तसे. एकात कोचावरची आई बायबल घेऊन बसते, मुलगा 'गोऱ्या माणसाने मला छळलं' म्हणून आकांत करतो, आणि निवेदक प्रत्येक जोरकस स्वगतानंतर नटाच्या हातात पुरस्कार देतो. दुसऱ्यात एक बाई मित्राशी संबंध तोडायला जेवायला निघाली आहे. केस सरळ करायच्या रसायनांनी डोक्याला टक्कल पडलंय, समोर दोन टोप, एक कुरळ्या आफ्रोचा, एक लांबसडक. दोन्ही टोप भांडतात, आज डोक्यावर मी बसणार म्हणून. ओळख, अस्मिता वगैरे जड शब्द न वापरता काम झालं. तेव्हा वुल्फवर आपल्याच माणसांची टिंगल केल्याचा आरोप झाला, हे सांगायला नकोच.

पडदा_पाडा

टोप भांडतात हे आवडलं. याला अनुदान मिळालं असेल तर माझे शब्द मागे.

कावेरी

@प्रयोगवाला, मेकअप सोडा, पण 'प्लूम्स' सोडू नका. @निळी_शाई यांचा राग रास्त आहे, तरी 'आधी हे करा मग ते' अशी रांग मला मान्य नाही. एकाच संध्याकाळी 'घोटभर पाणी' आणि 'प्लूम्स' का नको? स्पर्धा नको, करंडक नको, तिकीट लावून करा.

'प्लूम्स'मध्ये आहे काय? चॅरिटी नावाची आई, आतल्या खोलीत आजारी मुलगी. मैत्रीण टिल्डी मुलीचा पांढरा झगा शिवत बसली आहे. दोघी कॉफीच्या गाळात भविष्य बघतात. खिडकीतून एक थाटाची अंत्ययात्रा दिसते, घोड्यांच्या डोक्यांवर पिसांचे तुरे. आधीची माणसं चॅरिटीने कशीबशी पुरली आहेत, या वेळी तरी तुरेवाले घोडे हवेत म्हणून तिने पैसे साठवलेत. डॉक्टर येतो, शस्त्रक्रियेचे 50 डॉलर सांगतो, वाचेलच अशी हमी देत नाही. अंत्ययात्रेलाही 50 च लागतात. ती ठरवायच्या आत मुलगी जाते.

तिसरी_घंटा, हे तुमच्या कुठल्या खणात टाकणार? मरण आहे, पण जमाव नाही, पोलीस नाही, गोरा माणूस रंगमंचावर असायची गरजसुद्धा नाही. दोन बायका पैशांचा हिशेब करताहेत. 1927 ला याला 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, स्पेन्सबाईंच्या बक्षिसाचं वर्षही तेच.

निळी_शाई

एकत्र प्रयोग, बिनस्पर्धेचा, आणि दादर-डेक्कनबाहेर आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात. एवढं कबूल असेल तर मी तालमीला येतो. नसेल तर ड्यू बॉइसची चौथी अट पुन्हा वाचा.

प्रयोगवाला

समाजमंदिरात लाइटची सोय आहे का?

निळी_शाई

ट्यूबलाइट आहेत. लायब्ररीच्या तळघरात काय होतं?

तिसरी_घंटा

कबूल, 'प्लूम्स' माझ्या खणात बसत नाही. पण प्रमाणाचा मुद्दा मी सोडलेला नाही. बसवणारच असाल तर त्यात 'फूल्स एरंड' घाला, आणि ती शेवटी ठेवा. लोक हसत घरी जाऊ देत.

कावेरी

शेवटी नाही, पहिली. हसून मोकळी झालेली माणसं 'प्लूम्स' नीट ऐकतील.

तिसरी_घंटा

आणि त्या पहिल्या एकांकिकेला उशिरा येणारे अर्धे प्रेक्षक मुकतील. शेवटीच.